रेंज नसलेल्या गावाचा हिशेब

पोरी, कारखान्याच्या शेती विभागासाठी ऊसनोंदीचं ॲप तू करायला घेतलंस, फार चांगलं झालं. ऊसनोंदी करणारा कारखान्याचा चिटबॉय बांधावर उभा राहून गट नंबर भरणार, लागण आडसाली की पूर्वहंगामी, जात 86032 की 265 हे नोंदवणार, शेताभोवती फिरून क्षेत्र मोजणार, फोटो काढणार. त्याच्याच जोडीला ॲप कोण किती वापरतं, कुठल्या पानावर अडतं, नोंद अर्धवट कुठं सोडतं, हेही तुला मोजायचं आहे. माझी सगळी नोकरी शेती विभागाच्या आकड्यांत गेली, म्हणून या मोजणीबद्दल मामा म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

तू ॲप तपासणार सांगलीत किंवा कराडात, आणि ते चालणार शिराळ्याच्या डोंगरकडेला, पाटणच्या खोऱ्यांत, जतच्या पूर्वेला. कोयनेच्या जलाशयापलीकडं कांदाटी खोऱ्यातल्या वाड्यांवर तर फोन हातात असतो आणि रेंज गावाबाहेरच्या एखाद्या ठराविक दगडापाशी मिळते. तिथं ऊस नाही, पण आशाताई आहेत, अंगणवाडी आहे, त्यांच्याही हातात ॲप आहेत. शिवाय हंगाम बघ. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची. म्हणजे तुझ्या ॲपवर नोंदींची गर्दी व्हायची ती नेमकी भर पावसात, वीज जाते, टॉवरची बॅटरी उतरते, त्याच दिवसांत. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात सांगली शहराच्या कितीतरी भागांत वीज नव्हती. तेव्हा 'ऑफलाइन' ही डोंगरातल्या चार गावांची अडचण आहे असं समजून चालू नकोस. नेहमीची स्थिती हीच आहे असं धरून बांधणी कर.

पहिली गोष्ट, आणि बाकी सगळं हिच्यावर उभं आहे: घडलेली घटना आधी फोनात लिही, पाठवायचं नंतर बघ. बटण दाबलं, पान उघडलं, नोंद जतन झाली, की तेवढी ओळ फोनातल्या एसक्यूलाइटच्या तक्त्यात पडली पाहिजे. त्या क्षणी रेंज आहे की नाही, हे विचारायचंसुद्धा नाही. पाठवणारा भाग वेगळा ठेव. तो तक्त्यातून ओळी उचलेल, गठ्ठा करून पाठवेल, आणि सर्व्हरकडून पोच आल्यावरच त्या ओळी पुसेल. पोच यायच्या आधी पुसलंस तर घाटात हरवलेली ओळ पुन्हा कधी सापडणार नाही.

पोचेच्या बाबतीत एक खोच आहे. चिटबॉय कोयनानगरहून कुंभार्ली घाटाच्या बाजूला निघाला, गठ्ठा सर्व्हरला पोचला, पण पोच परत यायच्या आत वळण आलं आणि रेंज गेली. फोनला वाटतं गेलंच नाही. पुढं रेंज आली की तो तोच गठ्ठा पुन्हा पाठवतो, आणि एकाच शेताच्या दोन नोंदी दिसू लागतात. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक घटनेला तिच्या जन्माच्या वेळीच, फोनातच, एक वेगळा ओळखक्रमांक दे. यूयूआयडी म्हणतात तो. सर्व्हरनं तो क्रमांक आधी पाहिला असेल तर पोच पुन्हा द्यायची, मोजायचं मात्र नाही. पाठवताना क्रमांक देऊन उपयोग नाही, कारण दुसऱ्यांदा पाठवताना तो बदलेल.

त्याच्याबरोबर साधा चढता अनुक्रमांकही घाल: या फोनावरची पहिली घटना 1, मग 2, मग 3. सर्व्हरवर 41 नंतर एकदम 58 आली, तर मधल्या ओळी वाटेत आहेत किंवा गेल्या, एवढं तरी कळतं. हा अनुक्रमांक नसेल तर जे हरवलं त्याचा पत्ताच लागत नाही. माझ्या मते ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित युक्ती आहे.

आता वेळेचं सांगतो. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण आकडे बहुतेक इथंच बिघडतात.

प्रत्येक घटनेला दोन वेळा असतात: घडली ती आणि पोचली ती. दोन्ही जपून ठेव. अहवाल घडल्याच्या वेळेवर काढ. दोन्हींतला फरक वेगळा मोज, त्याचं काम पुढं सांगतो. सरकारी ई-पीक पाहणी बघ. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकरी स्वतः मोबाइलवरून सातबाऱ्यावरच्या पिकाची नोंद करू लागले. फोटो शेतात उभं राहून काढायचा, जीपीएसची जागा त्याच्यासोबत जाते, आणि शेतात रेंज नसेल तर माहिती फोनात साठवून रेंजमध्ये आल्यावर अपलोड करायची. शेतकरी शेतात गेला सोमवारी आणि माहिती गेली गुरुवारी बाजाराला आल्यावर, तर पाहणी सोमवारचीच. तुझ्या मोजणीतही हेच असलं पाहिजे. सगळ्या घटना सर्व्हरवर पोचल्याच्या वेळेनं मोजल्यास तर गुरुवारी बाजाराच्या दिवशी ॲपचा वापर अचानक वाढलेला दिसेल, आणि कुणीतरी हुशार माणूस गुरुवारी सूचना पाठवायची योजना आखेल.

पण घडल्याची वेळ सांगणार कोण? फोन. आणि फोनचं घड्याळ चुकतं. कुणी हातानं बदललेलं असतं, कुणाचा जुना फोन पूर्ण उतरून चालू झाला की भलतीच तारीख दाखवतो. म्हणून गठ्ठा पाठवताना फोनची त्या क्षणाची वेळही सोबत पाठव. फोन म्हणतो 6:40 आणि सर्व्हरचं घड्याळ म्हणतं 7:00, तर हा फोन वीस मिनिटं मागं आहे. त्या गठ्ठ्यातल्या सगळ्या घटना वीस मिनिटांनी पुढं सरकव. फोननं सांगितलेली मूळ वेळ पुसू नकोस, दुरुस्त वेळ शेजारच्या रकान्यात लिही.

मधल्या काळात घड्याळ कुणी हलवलं असेल तर एवढ्यानं भागत नाही. त्यासाठी अँड्रॉइडमध्ये दुसरं घड्याळ आहे, इलॅप्स्ड रिअलटाइम. फोन सुरू झाल्यापासून किती वेळ गेला ते हे घड्याळ सांगतं, फोन झोपेत असतानाचा वेळही धरतं, आणि वापरणाऱ्याला ते बदलता येत नाही. फोन बंद करून चालू केला की मात्र शून्यावर येतं. म्हणून प्रत्येक घटनेसोबत हा आकडा आणि फोन कितव्यांदा सुरू झाला तो आकडा, दोन्ही ठेव. एकाच सुरुवातीतल्या घटनांमधलं अंतर मग बिनचूक मिळतं, भिंतीवरचं घड्याळ काहीही म्हणो.

वेळेतली आणखी एक अडचण खास आपल्याकडची आहे. तू उद्या दूध संस्थेचं काम घेशील, तेव्हा उपयोगी पडेल. सर्व्हर वेळ यूटीसीत ठेवतात, आणि ठेवावीच. पण आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढं आहे. गावात दूध संकलन पहाटे पाचला सुरू होतं, आणि यूटीसीत तेव्हा आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. दिवस यूटीसीनं तोडलास तर एकाच सकाळचं संकलन साडेपाचाच्या आधीचं आणि नंतरचं असं दोन तारखांत फाटतं. साठवण यूटीसीत, दिवस मात्र भारतीय वेळेनं तोडायचा, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाक. सहा महिन्यांनी बदलायला गेलीस तर जुने-नवे अहवाल एकमेकांशी जुळणार नाहीत.

तयार साधनांबद्दल तू विचारशीलच. फायरबेसमधून गूगल ॲनालिटिक्स लावणं सोपं आहे, आणि रेंज नसताना घटना साठवून नंतर पाठवायचं काम ते स्वतः करतं. पण घटना घडल्यापासून 72 तासांनंतर पोचली तर ते ती सोडून देतं. तीन दिवस. कुणाला कळवत नाही, कुठं लाल दिवा लागत नाही. आठवड्यातून एकदा बाजाराला उतरणाऱ्या माणसाचा चार दिवसांचा वापर असा दरवेळी नाहीसा होणार आणि तुझ्या तक्त्यात तो माणूस आठवड्याला दोन-तीनच दिवस काम करतो असं दिसणार. मॅटोमो स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येतं, म्हणून मला ते आवडतं. पण त्यातही मूळ मांडणीप्रमाणं 24 तासांपेक्षा जुनी घटना मागच्या तारखेनं घालायची तर अधिकाराचं टोकन लागतं. कुठलंही साधन घे, उशिरा आलेल्या घटनेचं ते काय करतं हे त्याच्या माहितीपत्रकात आधी शोध. माझा सल्ला असा: ज्या घटनांवर कुणाचं काम, पैसा किंवा सोय अवलंबून आहे, त्या तुझ्या स्वतःच्या तक्त्यातून तुझ्या स्वतःच्या सर्व्हरवर ने. पान किती वेळा उघडलं वगैरे किरकोळ मोजणी खुशाल तयार साधनाला दे.

पाठवण्यासाठी अँड्रॉइडचं वर्कमॅनेजर वापरणार असशील तर त्याच्या अटी डोळ्यांत तेल घालून बघ. 'अनमीटर्ड' जाळं असेल तरच पाठव अशी अट शहरातली मुलं सहज घालतात. त्याचा अर्थ व्यवहारात वायफाय. चिटबॉयच्या घरी वायफाय कुठलं? ती घटना कधीच जाणार नाही. दुसरी अट 'रोमिंग नको' अशी असते. जतच्या सीमेवरच्या गावांत फोन कर्नाटकातला टॉवर पकडू शकतो. मग रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात आणि डेटा जात नाही. चिटबॉयच्या फोनात डेटा रोमिंग बंद असलं तरी तेच होतं. या दोन अटी काढून टाक आणि गठ्ठा इतका लहान ठेव की कुणाच्या डेटाला चाट बसणार नाही. एक घटना तीनशे बाइटची धरली तर दोनशे घटनांचा गठ्ठा साठ हजार बाइटचा, दाबून पाठवला तर त्याहून कमी. एक फोटो याच्या तीसपट-चाळीसपट असतो. म्हणून फोटोंची रांग वेगळी आणि घटनांची वेगळी. रेंजच्या त्या दगडापाशी दोन मिनिटं मिळाली तर आधी नोंदी जाव्यात, फोटो मागून येतील.

नुसत्या पार्श्वभूमीतल्या पाठवणुकीवर मात्र विसंबू नकोस. अँड्रॉइड 6 पासून फोन पडून राहिला की डोझ नावाची झोप घेतो आणि ॲपची कामं लांबवतो. स्वस्त फोनांतल्या बॅटरी वाचवणाऱ्या सोयी तर ॲप मारूनच टाकतात. त्यामुळं ॲप उघडलं की लगेच एकदा पाठवायचा प्रयत्न कर, आणि पहिल्याच पानावर ठळक दाखव: 'इतक्या नोंदी पाठवायच्या बाकी', शेजारी 'आता पाठवा' असं बटण. माणसाला आपलं काम कुठं अडलंय हे दिसलं की तो स्वतः रेंजच्या जागी जाऊन बटण दाबतो. हे न दाखवणाऱ्या ॲपवर लोकांचा विश्वास बसत नाही, आणि मग ते वहीत एकदा आणि ॲपमध्ये एकदा असं दुप्पट काम करतात. फसलेली पाठवणूक पुन्हा करताना मधलं अंतर दरवेळी वाढव आणि त्यात थोडा फरकही पाड. वीज येऊन टॉवर सुरू झाला की तालुक्याचे सगळे फोन एकाच मिनिटाला सर्व्हरवर तुटून पडतात, ते टळेल.

फोन भरला तर? मर्यादा घालावीच लागेल. पण भरल्यावर सगळ्यांत जुनी ओळ फेकायची, असं आंधळेपणानं करू नकोस. जुनी ओळ म्हणजे ज्याला रेंज मिळतच नाही त्याचं काम. आधी पान उघडल्याच्या ओळी काढून त्यांचा दिवसाचा एकच एकूण आकडा ठेव. 'नोंद जतन झाली' ही ओळ कधीच फेकायची नाही. आणि जे फेकलं त्याची संख्या पुढच्या गठ्ठ्यात कळव.

आकडे आले, आता वाचायचे कसे? दोन वेळांमधला फरक मोजायला सांगितला तो इथं लागतो. प्रत्येक गट कार्यालयाचं वेगळं काढ: एका दिवसात किती टक्के घटना पोचतात, तीन दिवसांत किती, आठवड्यात किती. कराडच्या आसपास पहिल्या दिवशीच जवळपास सगळं येईल. डोंगराकडं आठवडा लागेल. जिथं ज्याला जेवढा वेळ लागतो, तेवढे दिवस तिथला आकडा कच्चा धरायचा आणि अहवालात कच्चा असंच छापायचं. सगळ्यांना एकच मुदत लावलीस तर प्रत्येक सोमवारच्या बैठकीत डोंगराकडचा गट मागं पडलेला दिसेल. तिथल्या माणसाला बोलणी बसतील, ती त्याच्या रेंजसाठी. हे मला अजिबात मान्य नाही, आणि तुलाही असू नये.

एखाद्या पानावर माणूस फार वेळ थांबला, म्हणजे ते पान त्याला कळलं नाही, असाही निष्कर्ष घाईनं काढू नकोस. जीपीएसला रेंज लागत नाही, तो उपग्रहाचा संकेत असतो; पण रेंज असली की उपग्रहांची माहिती जाळ्यावरून चटकन मिळते, नसली की ती थेट उपग्रहाकडून उतरवून घेण्यात वेळ जातो. उभ्या उसात किंवा झाडाखाली आणखी जातो. तो माणूस मोजणीच्या पानावर उभा आहे तो जागा सापडायची वाट बघत. म्हणून जीपीएस कधी मागितला आणि कधी मिळाला, या दोन वेगळ्या घटना ठेव. रेंज होती की नव्हती हेही प्रत्येक घटनेसोबत लिही.

फोन आणि माणूस यांचीही गल्लत करू नकोस. ई-पीक पाहणीत एका मोबाइलवरून अनेक खातेदारांच्या नोंदी करता येतात. घरातला एक फोन, वापरणारे तिघं. तुझ्याकडंही चिटबॉय बदलला की फोन दुसऱ्याच्या हातात जातो. फोन मोजून 'वापरणारे' म्हणू नकोस.

मोजणीचं मोल काय असतं, हे आपल्याच परिसरात दिसलेलं आहे. 1998 साली वारणानगरला 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या 70 गावांत संगणक पोचवायचे, शेतकऱ्याला बाजारभावापासून सगळी माहिती द्यायची, असा मोठा विचार होता. पुढं मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या अभ्यासकांनी गावच्या केंद्रांवर प्रत्यक्ष काय चालतं ते पाहिलं. शेतकरी येत होते ते प्रामुख्यानं ऊस किती गेला, खताचं काय, अशा कारखान्याशी असलेल्या व्यवहारांसाठी. मग त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधे मोबाइल ठेवून तीच माहिती एसएमएसवर देऊन पाहिली आणि 2007 मध्ये 'वारणा अनवायर्ड' या नावानं तो अभ्यास मांडला. लोक खरोखर काय वापरतात हे तिथं जाऊन पाहिलं, म्हणून कमी खर्चाचा मार्ग दिसला. तुझे आकडे याच कामी यावेत: कुठलं पान काढून टाकता येईल, चिटबॉयचे चार टप्पे दोन कसे होतील, यासाठी.

ते आकडे चिटबॉयवर पाळत ठेवायला वापरले जाऊ देऊ नकोस. कोण किती वाजता कुठं उभा होता, हे वापराच्या मोजणीत लागत नाही, मग गोळाच करू नकोस. शेताच्या नोंदीतली जागा शेताची, माणसाची नव्हे. नाव, फोन नंबर, आधार यातलं काही मोजणीच्या ओळीत घालायचं नाही. आशाताईंच्या ॲपचं काम कधी आलं तर जास्तच जप. कुठल्या घरी गरोदर बाई आहे हे मोजणीच्या तक्त्यात उतरता कामा नये, कारण तो तक्ता पाठवेपर्यंत दिवसचे दिवस त्या फोनात पडून असतो आणि फोन घरातली मुलं हाताळतात. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचून घे. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. काय मोजतो ते मराठीत, एका पानात, वापरणाऱ्याला सांग आणि त्याची संमती घे.

शेवटी तपासणी. फोन विमान मोडवर टाकून दिवसभराच्या नोंदी कर. तारीख दोन दिवस मागं कर, फोन बंद करून चालू कर, पाठवणूक चालू असताना ॲप मार, मग जाळं सुरू कर आणि सर्व्हरवर मोज: जेवढ्या केल्या तेवढ्याच आल्या का, तारखा बरोबर लागल्या का. हे टेबलावर झालं की एका चिटबॉयबरोबर पाटणच्या खोऱ्यात जा, एकाबरोबर चांदोलीकडं, एकाबरोबर जतच्या सीमेवर. त्याचाच फोन घे, तुझा चांगला फोन नको. आडसालीच्या नोंदी जुलैत सुरू होतात. त्याच्या आत हे सगळं करून घे, आणि ज्या गावाचा आकडा आलेला नाही त्याच्यापुढं शून्य न छापता शेवटचा संपर्क कुठल्या तारखेला झाला ते छाप.